पाइपच्या त्या टोकाला : दुलियाजानचे पाच दिवस

दिवस पहिला : दिब्रुगड ते दुलियाजान

माझी सारी नोकरी पाइपच्या या टोकाला गेली. थळच्या खत कारखान्यात उरणकडून गॅस यायचा, त्याचा अमोनिया व्हायचा आणि अमोनियाचा युरिया. गॅसचा दाब थोडा जरी उतरला तरी नियंत्रण कक्षात धावपळ उडायची आणि फोन खणखणू लागायचे. हा गॅस मुंबई हायच्या तेलाबरोबर वर येतो, हे अर्थातच ठाऊक होते. 1976 साली तिथून तेल निघू लागले तेव्हा ते जहाजांनी किनाऱ्यावर आणत आणि सोबतचा गॅस समुद्रातच जाळून टाकत. 1978 मध्ये उरणपर्यंत पाइपलाइन आल्यावर त्याला किनारा मिळाला. ही माहिती आम्ही प्रशिक्षणार्थींना तोंडपाठ सांगत असू. मात्र गॅस जिथून निघतो ते टोक मी कधी पाहिले नव्हते, आणि समुद्रातल्या फलाटावर निवृत्त माणसाला कोण नेणार? महाविद्यालयातला एक मित्र नोकरीनिमित्त वरच्या आसामच्या तेलक्षेत्रात गेला आणि तिथलाच झाला. ‘समुद्र राहू दे, इथे सगळे जमिनीवर आहे, चालत जाऊन पाहता येईल,’ असे तो कित्येक वर्षे म्हणत होता. अखेर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी दिब्रुगडच्या मोहनबारी विमानतळावर उतरलो.

दुलियाजान तिथून पन्नासेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, मध्येच पिवळी पडलेली भातशेती, सुपारी आणि बांबूंमध्ये दडलेली घरे. एवढ्या पूर्वेला सूर्य लवकर मावळतो हे वाचून माहीत होते, तरी साडेचारलाच अंधारू लागल्यावर घड्याळ बिघडले की काय असे वाटले. त्या अंधारातच पहिली ज्योत दिसली. आधी झाडांमागचे आकाश तांबूस झाले, मग वळणावर ती सबंध समोर आली. एका उंच नळाच्या टोकाला नारिंगी ज्वाळा वाऱ्याबरोबर एका अंगाला झुकत होती आणि काच खाली केल्यावर तिचा घरघराट ऐकू येत होता. चालक स्थानिक तरुण होता. त्याने मान न वळवता सांगितले, “दादा, ये हमारा जुई है.” असमिया भाषेत जुई म्हणजे आग. आमच्याकडे जुई म्हणजे संध्याकाळी उमलणारे पांढरे, नाजूक फूल, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला की हीसुद्धा संध्याकाळीच खुलते.

दिवस दुसरा : तेल संकलन केंद्र

मित्राने परवानगीचे सोपस्कार आधीच पार पाडले होते, त्यामुळे एका तेल संकलन केंद्रात आतपर्यंत जाता आले. फाटकावर मोबाइल, घड्याळ, काडेपेटी सारे जमा करावे लागले; आत जाणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी आहे की नाही हे पहारेकरी वाकून तपासत होता. छायाचित्रे काढता आली नाहीत, त्यामुळे या दिवसाचे वर्णन वहीतल्या टिपणांवर अवलंबून आहे.

जमिनीखाली तीन-चार हजार मीटरांवर प्रचंड दाबाखाली असताना गॅसचा बराचसा भाग तेलातच विरघळलेला असतो. गोटीसोड्याची बाटली फोडली की जे होते तेच विहिरीत होते : वर येता येता दाब उतरतो आणि गॅस तेलातून सुटू लागतो. म्हणून तेल काढायचे आणि गॅस खालीच ठेवायचा, अशी निवड तेल काढणाऱ्यापुढे नसते. निव्वळ गॅसच्या विहिरीची झडप मागणी नसेल तेव्हा बंद करता येते, पण तेलाच्या विहिरीतून तेलासोबत येणारा गॅस, ज्याला या व्यवसायात असोसिएटेड गॅस म्हणतात, तो तेल हवे असेपर्यंत येतच राहतो. इतकी वर्षे या उद्योगाच्या कडेला काढूनही ही गोष्ट मला त्या केंद्रात उभा राहिल्यावर खऱ्या अर्थाने कळली.

आसपासच्या विहिरींचे नळ येऊन केंद्रातल्या सेपरेटरला मिळतात. सेपरेटर म्हणजे आडवी, जाड पोलादी टाकी; तिच्यात तळाला पाणी बसते, मध्ये तेल राहते आणि माथ्यावरून गॅस निघतो. हे एका दमात होत नाही. पहिल्या टाकीत दाब जास्त असतो, तिथून निघालेला गॅस थोड्याशा कष्टात मुख्य वाहिनीत ढकलता येतो. पुढच्या टाकीत दाब आणखी उतरवतात, पुन्हा गॅस सुटतो. अगदी शेवटी, तेल साठवणीच्या टाकीत जाताना, जो गॅस सुटतो त्याला जवळजवळ दाबच नसतो. मित्र तिथे थांबून म्हणाला, “तू रस्त्यावरून पाहिलीस ती ज्योत बहुतेक वेळा याच गॅसची असते. सगळ्यात थोडा, सगळ्यात जड आणि सगळ्यात आळशी.” जड एवढ्यासाठी की मिथेनबरोबर प्रोपेन, ब्युटेन आणि त्याहून जड घटक याच गॅसमध्ये अधिक असतात, म्हणजे आपण सिलिंडरमध्ये भरून घरी आणतो तोच ऐवज.

हा आळशी गॅस उचलायचा तर कॉम्प्रेसर हवा. केंद्राच्या पलीकडे पत्र्याच्या उंच शेडमध्ये तीन कॉम्प्रेसर होते, दोन चालू आणि एक उघडून ठेवलेला. त्यांची इंजिनेही गॅसवरच चालतात. एका टप्प्यात दाब वाढवला की गॅस तापतो, म्हणून तो थंड करायचा, थंड झाल्यावर जे द्रव खाली पडेल ते काढून घ्यायचे आणि मग पुढच्या टप्प्यात पाठवायचे. एवढे करून दाब वाढलेल्या गॅसचा काही भाग पुन्हा विहिरीतच सोडतात. जुन्या विहिरीत तेलाच्या स्तंभाखाली गॅस सोडला की तेल हलके होऊन वर येते. याला गॅस लिफ्ट म्हणतात. उरलेला गॅस पुढे प्रक्रियेला आणि ग्राहकांकडे जातो.

उघडलेल्या कॉम्प्रेसरकडे बोट दाखवून मी विचारले, हा बंद असताना त्याच्या वाट्याच्या गॅसचे काय होते? पाळीवरच्या ऑपरेटरने उत्तर न देता हनुवटी वर केली. दूरवर, कुंपणाच्या कोपऱ्यात, ज्योत जळत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ज्योत दिसली की अपव्यय म्हणणे सोपे असते. फ्लेअरचा, म्हणजे या ज्योतीचा, नळ हा मुळात सुरक्षेचा दरवाजा आहे. कुठे झडप अडकली, वीज गेली, दाब हाताबाहेर जाऊ लागला तर गॅस कुठेतरी सोडावाच लागतो, आणि न जाळता सोडला तर तो जमिनीलगत साठून स्फोट होऊ शकतो. शिवाय मिथेन तसाच हवेत गेला तर वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणून नळाच्या तोंडाशी छोटी पायलट ज्योत कायम तेवत ठेवतात. आक्षेप आहे तो रोजच्या ज्योतीला, जिच्यामागे आणीबाणी नसून सोय नसल्याचे कारण असते. जागतिक बँकेने 2015 मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात 2030 पर्यंत बंद करायची म्हटलेली ज्योत हीच.

संध्याकाळी मित्राने संगणकावर उपग्रहाने रात्री टिपलेला नकाशा उघडला. बसरा, सायबेरिया, टेक्सास, नायजर नदीचे मुख असे ठिपक्यांचे पुंजके जगभर दिसत होते आणि वरच्या आसामात काही बारके ठिपके. 2024 मध्ये जगात सुमारे 151 अब्ज घनमीटर गॅस असा जळाला, म्हणजे भारत वर्षभरात वापरतो त्याच्या दुपटीहून अधिक. जेवताना मी कागदावर माझ्या सवयीचा हिशेब मांडला : घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते तेवढी साधारण 17 घनमीटर गॅसमध्ये असते, तेव्हा एखादी ज्योत दिवसाला एक लाख घनमीटर खात असेल तर ती रोज 5,800 च्या आसपास सिलिंडरांची उष्णता आकाशात सोडते. वहिनी मासोर टेंगा वाढत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, हा हिशेब इथल्या प्रत्येक बाईने केव्हाच केलाय, फक्त घनमीटरमध्ये नाही.”

दिवस तिसरा : दिगबोई आणि मागुरी बील

दिगबोईला जाणे तीर्थयात्रेसारखे होते, म्हणून थोडक्यात आटोपतो. 1889 मध्ये खोदायला घेतलेली आणि पुढच्या वर्षी 662 फुटांवर तेल लागलेली विहीर तिथल्या संग्रहालयाच्या आवारात जपून ठेवली आहे, आणि 1901 मध्ये सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना अजून चालू आहे. हत्तीच्या पायाला तेल लागल्याची कथा मार्गदर्शकाने ऐकवलीच. मला कुतूहल होते ते गॅसचे. त्या काळी तेलातून मुख्यतः दिव्याचे रॉकेल हवे असे, ते डब्यात भरून आगगाडीने पाठवता येई. गॅस डब्यात भरता येत नव्हता, आणि जी वस्तू भरून पाठवता येत नाही तिला तेव्हाच्या बाजारात किंमत नव्हती. ही अडचण आजही पूर्णपणे सुटलेली नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

परतताना तिनसुकियाच्या बाजूने मागुरी-मोटापुंग बीलवर गेलो. बील म्हणजे नदीने मागे सोडलेला विस्तीर्ण पाणसाठा. थंडीत इथे दूरदूरचे पक्षी उतरतात. जवळच्या बागजान गावातल्या एका विहिरीत 27 मे 2020 रोजी स्फोटक उद्रेक झाला, 9 जूनला तिने पेट घेतला, अग्निशमन दलाचे दोन जवान गेले आणि ती विहीर पूर्णपणे शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. नाव वल्हवणाऱ्या माणसाने त्या महिन्यांबद्दल एकच गोष्ट सांगितली : रात्र झालीच नाही. कालच्या नळावरची ज्योत आणि ही आग यांत काय फरक आहे ते त्या बिलाच्या मध्यावर बसून पटत होते. एक राखलेली असते, दुसरी सुटलेली. पहिली ठेवावी लागते ती दुसरी टाळण्यासाठी.

दिवस चौथा : चहाचा कारखाना आणि नामरूप

गॅसचा माग काढत ग्राहकांकडे जायचे ठरवले होते. दुलियाजानमधल्या आसाम गॅस कंपनीची स्थापना 1962 ची, आणि तिच्या नळांवर खत आणि वीज कारखान्यांबरोबर चहाचे मळेही आहेत. हे मला नवीनच होते. कोकणात आम्ही गॅसचे मोठे ग्राहक म्हणजे खत, वीज आणि पोलाद एवढेच जाणतो.

मळ्याच्या व्यवस्थापकांनी स्वतः कारखाना दाखवला. पाने लांबलचक पन्हाळींवर पसरून आधी सुकवतात, मग यंत्रात चुरतात, मग हवेवर काळवंडू देतात, आणि शेवटी ड्रायरमध्ये साधारण शंभर अंशांच्या आसपास तापलेल्या हवेत भाजून ओल तीन टक्क्यांपर्यंत उतरवतात. एक किलो चहाला सव्वाचार-साडेचार किलो पाने लागतात. उरलेले सगळे पाणी, आणि ते उडवायला उष्णता हवी. पूर्वी ती लेडो-मार्घेरिटाच्या बाजूच्या कोळशाची असे. गॅसची आच हवी तशी कमीजास्त करता येते आणि चहाला धुराचा वास लागत नाही, हे सांगताना व्यवस्थापकांनी ड्रायरच्या तोंडातली मूठभर गरम पूड माझ्या तळहातावर ओतली. तो वास अजून आठवतो.

पण त्यांनी सहज सांगितलेली दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने महत्त्वाची होती. डिसेंबरपासून पाने खुडणे थांबते, झुडपे छाटतात आणि ड्रायर मार्चपर्यंत जवळजवळ बंद असतात. विहिरींना मात्र हिवाळ्याची सुट्टी नसते.

दुपारी नामरूप. 1960 च्या दशकात इथे आधी गॅसवरचे वीज केंद्र आणि पाठोपाठ खत कारखाना उभा राहिला. तेलासोबतच्या गॅसवर खत बनवण्याचा देशातला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. दिहिंग नदीच्या बाजूने जाताना जुने उंच मनोरे दिसले तेव्हा, खरे सांगायचे तर, घरी आल्यासारखे वाटले. रिफॉर्मरची भट्टी, अमोनियाचा तो नाकात जाणारा पुसट वास, युरियाचा गोल मनोरा. भाषा आणि पाऊस सोडला तर सारे ओळखीचे. चौथ्या, साडेबारा लाख टनांहून अधिक वार्षिक क्षमतेच्या युरिया प्रकल्पाला केंद्र सरकारने 2025 मध्ये मंजुरी दिली आहे, आणि गावात चहाच्या टपरीवरही बोलणे त्याचेच होते. जुन्या यंत्रांपेक्षा नवी यंत्रे टनामागे बराच कमी गॅस घेतात, हा फायदा मोठा आहे. पण मला वाटते त्याहून मोठा फायदा म्हणजे ती कमी वेळा बंद पडतात.

हे मला का वाटते ते सांगतो. नामरूपच्या बाहेर, निवृत्त झालेल्या एका फोरमनबरोबर बोलत असता मी माझ्या जुन्या दिवसांच्या आठवणी काढल्या : प्लांट अचानक बंद पडला की किती टन युरिया बुडाला, पुन्हा तापवून सुरू करायला किती दिवस गेले, इत्यादी. ते ऐकून घेऊन म्हणाले, “हमारे यहाँ प्लांट ट्रिप होता था तो घर में बच्चे बता देते थे, आज जुई बड़ा है.” मी गप्प झालो. इतक्या वर्षांत आम्ही आमचे नुकसान पैपैशात मोजले, पण आम्ही गॅस घेणे थांबवले त्या क्षणी पाइपच्या दुसऱ्या टोकाला काय झाले असेल, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. लांब पाइपलाइनच्या पोटात काही तासांचा गॅस मावतो, दुसरे ग्राहक थोडाफार उचलतात. त्यापलीकडे एखादी ज्योत कुठेतरी समुद्रावर उंच होत असेलच. आम्ही स्वतःला गॅसचे गरजू समजत होतो. वास्तविक गॅसलाही आमची तितकीच गरज होती.

वरच्या आसामात ही गरज अधिक तीव्र आहे, कारण इथला गॅस बाहेर नेणारी वाट आजवर नव्हती. खनिज तेल 1960 च्या दशकातच नाहरकटिया ते बरौनी अशा 1,157 किलोमीटरच्या नळातून बिहारपर्यंत पोहोचले. गॅस मात्र आसपासच्या ग्राहकांवरच अवलंबून राहिला. ईशान्येची राज्ये जोडणारी गॅसवाहिनी आता घातली जात आहे आणि ती गुवाहाटीमार्गे देशाच्या जाळ्याला मिळेल, तेव्हा एका कारखान्याच्या बंद पडण्याचा भार एकाच ज्योतीवर येणार नाही.

दिवस पाचवा : लेपेटकाटा, आणि एक लहान ज्योत

सकाळी दुलियाजानमधला एलपीजी प्रकल्प बाहेरूनच पाहिला. तो 1982 चा. आतली क्रिया मित्राने गाडीच्या बॉनेटवर बोटाने रेषा काढून समजावली : गॅसमधले पाणी आधी पूर्ण शोषून घ्यायचे, नाहीतर पुढे बर्फ होऊन नळ तुंबतील, मग गॅस एका टर्बाइनमधून एकदम फुलू द्यायचा, म्हणजे तो स्वतःच शून्याच्या खूप खाली थंड होतो आणि प्रोपेन-ब्युटेन द्रव होऊन वेगळे पडतात. उरलेला हलका गॅस पुढे खत, वीज आणि चहाकडे जातो. जाळून टाकला असता तर त्याच गॅसमधला सर्वात मौल्यवान भाग आधी गेला असता.

लेपेटकाटा दिब्रुगडच्या वाटेवरच आहे. तिथल्या पेट्रोरसायन प्रकल्पामागे मोठा इतिहास आहे. ‘रक्त देऊ, तेल देणार नाही’ ही आसाम आंदोलनातली घोषणा त्या काळच्या वर्तमानपत्रांत मीही वाचली होती. आपल्या जमिनीतले तेल बाहेर जाते आणि आपल्या वाट्याला ज्योत येते, हा सल तिच्यात होता. 15 ऑगस्ट 1985 च्या आसाम करारानंतर गॅस क्रॅकरचे, म्हणजे गॅस फोडून प्लास्टिकचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्याचे, आश्वासन मिळाले, पायाभरणी 2007 मध्ये झाली आणि प्रकल्प देशाला अर्पण झाला फेब्रुवारी 2016 मध्ये. तीस वर्षे! इथे गॅसमधले इथेन आणि प्रोपेन, तसेच नुमालीगडहून येणारा नाफ्था, प्रचंड उष्णतेने फोडून वर्षाला दोन लाख 80 हजार टन पॉलिमर बनवण्याची क्षमता आहे. फाटकाबाहेर पांढऱ्या दाण्यांच्या गोण्यांनी भरलेले ट्रक उभे होते. ज्योतीऐवजी प्लास्टिक, हा सौदा निखळ चांगला आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण आकाशात जाण्यापेक्षा पाण्याच्या टाकीत आणि शेतातल्या नळात जाणे बरे, इतपत मान्य करतो.

विमान दुसऱ्या दिवशी सकाळचे होते. संध्याकाळी चालकाने आपणहून गाडी आडवाटेला घातली. त्याच्या मामाच्या शेताशेजारी एक एकटी विहीर होती आणि तिची ज्योत मला दाखवायची होती. ती फार मोठी नव्हती, माणसाच्या दीडपट उंच असेल. तिच्या उजेडात भाताच्या लोंब्या दिसत होत्या, किड्यांचे थवे फिरत होते, आणि नळाच्या बाजूच्या दोन ओळींत दाणा नीट भरलेला नव्हता. मामांनी एक लोंबी चोळून मला ते दाखवले. एवढ्याशा गॅससाठी वेगळी पाइपलाइन घालणे परवडत नाही, हे पहिल्या रात्री मित्राने सांगितले होते. अशा विहिरींसाठी ट्रेलरवर बसवलेले लहान कॉम्प्रेसर आणि जागच्या जागी वीज बनवणारी इंजिने असतात, ती आणता येतात, एका जागेचा गॅस आटला की दुसरीकडे नेता येतात.

मी मामांना विचारले, इथे तसे काही येणार आहे का? ते म्हणाले, मोजमाप करून गेले आहेत, ट्रेलर मोठ्या रस्त्यापर्यंत आला आहे, पण आत यायची वाट माझ्याच शेतातून जाते. मग त्यांनी त्या उजेडात शेताकडे एकदा नजर टाकली आणि बोटांवर दिवस मोजले. कापणीला अजून दहा दिवस होते.